कार्ड नवं, पडदा जुना: भाच्याच्या मॉनिटरचं प्रकरण

२०२४ ची भाऊबीज. नाशिकला ताईकडे ओवाळून झालं, ताटात पाकीट ठेवलं आणि फराळाची बशी हातात येते न येते तोच भाच्याने खुणेने माडीवर बोलावलं. दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाला, "मामा, खरं सांग, हे कार्ड डुप्लिकेट तर नाही ना?"

कार्ड म्हणजे कॉम्प्युटरमध्ये गेमचं चित्र रंगवणारं ग्राफिक्स कार्ड, आणि ते अस्सल होतं. आरटीएक्स ४०७०, बारा जीबी, घेऊन जेमतेम पंधरा दिवस झालेले. उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपचे पैसे, दोन वर्षांचा साठवलेला पॉकेटमनी आणि आजीने दाजींच्या नकळत दिलेली भर, असे पन्नास हजारांच्या वर गेले होते. त्याआधी होतं चार जीबीचं जीटीएक्स १६५०. त्याला वेगळी पॉवर केबलसुद्धा लागत नाही, स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर भागतं. नवं कार्ड २०० वॅट खातं, म्हणून ४५० वॅटचा जुना एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) काढून ६५० चा घातला होता. एवढं सगळं करून त्याचं म्हणणं असं, की चित्र आधीपेक्षा छान दिसतं, पण खेळताना हाताला काहीच फरक लागत नाही. "लोक म्हणतात मक्खन चालतं. माझं आहे तिथंच आहे."

मी पुण्यात पीसी जोडून देण्याचं काम करतो, आणि ही तक्रार मला नवी नाही. या वेळी मात्र त्यात माझाही वाटा होता. ऑगस्टमध्ये त्याने फोन करून विचारलं होतं, आधी कार्ड घेऊ की मॉनिटर? दुकानात गिऱ्हाईक समोर उभं होतं, म्हणून मी "कार्ड घे रे, मॉनिटरचं नंतर बघू" असं म्हणून मोकळा झालो. ते "नंतर" आता माझ्याच गळ्यात आलं होतं.

आधी होतं ते तपासलं

मशीन साधं, पण कामाचं. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, आणि समोर २४ इंची फुल एचडी मॉनिटर, ७५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७५ चित्रं दाखवू शकणारा. अशा तक्रारीत पहिला संशय केबलवर घ्यायचा असतो. नवं कार्ड बसवून केबल मदरबोर्डच्याच पोर्टला लावून ठेवणारे मी बरेच पाहिलेत. पण ३६०० मध्ये आतलं ग्राफिक्स नसतंच. तिथे केबल लावली असती तर पडदा काळाच राहिला असता, म्हणून तो संशय जागेवर मिटला.

मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडलं. रिफ्रेश रेट ६०. मॉनिटर ७५ चा आणि चालतोय ६० वर! कधीपासून, हे त्यालाही सांगता येईना. घेतल्या दिवसापासूनच असणार. विंडोज बहुतेक वेळा स्वतःहून ६० धरतं आणि आपण ते उघडून बघत नाही. त्यावर कडी म्हणजे तो खेळतो त्या व्हॅलोरंट आणि सायबरपंक या दोन्ही गेममध्ये व्ही-सिंक (कार्डाला पडद्याच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) चालू. म्हणजे पडदा सेकंदाला साठ चित्रं दाखवणार, आणि कार्डालाही हुकूम साठच काढायचा. व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेममध्ये जुनं १६५० सुद्धा साठाच्या बरंच वर जात होतं. म्हणजे त्या गेमपुरतं बोलायचं तर पन्नास हजार खर्चूनही पडद्यावर सेकंदाला एक फ्रेम, म्हणजे एक चित्रही, वाढली नव्हती. हाताला फरक लागणार कुठून?

आणखी एक गोष्ट सापडली, ती जास्त महत्त्वाची. रॅमच्या पाकिटावर ३२०० लिहिलेलं होतं आणि ती चालत होती २१३३ वर, कारण बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारा पर्याय) कधी चालूच केलं नव्हतं. रायझनला मंद रॅम सोसत नाही. एक्सएमपी चालू केलं, रिफ्रेश ७५ केला, व्ही-सिंक काढला, कोपऱ्यात आफ्टरबर्नर या मोजमापाच्या प्रोग्रामचे आकडे लावले आणि सायबरपंक २०७७ उघडलं. हाय सेटिंग, रे ट्रेसिंग (प्रकाशाचा जड हिशेब) बंद, बाजारपेठेतली तीच गर्दीची गल्ली, तोच रस्ता तीनदा चालून.

रॅम २१३३ असताना सरासरी ७१ फ्रेम, ३२०० झाल्यावर ८२. एक रुपया न खर्चता अकरा फ्रेम. भाच्याचा चेहरा तिथेच निम्मा खुलला. मी मात्र बघत होतो शेजारचा आकडा: कार्डाचा वापर ६३ टक्के.

रिकामं बसलेलं कार्ड

मॉनिटर कोणता घ्यायचा, याचं उत्तर त्या ६३ मध्ये होतं.

गेमचं प्रत्येक चित्र दोन हातांतून जातं. कोण कुठे आहे, गोळी कुठे लागली, गर्दीतला माणूस कुठे वळला, हा हिशेब प्रोसेसर करतो आणि मग काय रंगवायचं ते कार्डाला सांगतो. कार्ड ते रंगवतं. कार्डाचा वापर ९५ च्या वर असेल तर कार्ड दमतंय. तो ६३ वर घुटमळत असेल आणि फ्रेम तरी वाढत नसतील, तर कार्ड ब्रश धरून बसलंय आणि प्रोसेसरकडून काम येण्याची वाट बघतंय. इथे ३६०० चा प्रोसेसर सेकंदाला ऐंशी-एक चित्रांचा हिशेब लावू शकत होता. मॉनिटर कितीही हर्ट्झचा आणला असता तरी सायबरपंकमध्ये ते ऐंशीच राहिले असते.

पण रिझोल्यूशन वाढवलं की कार्डाचं काम वाढतं, प्रोसेसरचं जवळजवळ तेवढंच राहतं. गर्दीतली माणसं मोजायची तेवढीच असतात, पडदा किती ठिपक्यांचा हे प्रोसेसरच्या गावीही नसतं. कार्डाचा जो तिसरा हिस्सा रिकामा बसलाय, तो जास्त ठिपके रंगवायला लावता येतो आणि त्याची फ्रेममध्ये फारशी किंमत मोजावी लागत नाही. फुल एचडीत, म्हणजे १०८०पीत, २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात, १४४०पीत (२५६० बाय १४४०) ३६ लाख ८६ हजार ४००, म्हणजे पावणेदोन पटींहून किंचित जास्त. फोर-के म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४००, फुल एचडीच्या बरोब्बर चौपट.

हे कागदावर ठीक. त्याच्या मशीनवर, त्याच्या गेममध्ये काय होईल? ते बघायला नवा मॉनिटर आणावा लागत नाही, आणि ही गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये मॅनेज थ्री-डी सेटिंग्जखाली डीएसआर फॅक्टर्स नावाची ओळ आहे. तिथे १.७८ पट या खुणेवर टिक केली की फुल एचडी मॉनिटरवरच गेममध्ये २५६० बाय १४४० चा पर्याय दिसू लागतो. कार्ड खरोखर तेवढे ठिपके रंगवतं आणि मग ते चित्र जुन्या पडद्यावर बसवून दाखवतं. डोळ्यांना पूर्ण मजा येत नाही, पण कार्डावरचा भार खरा असतो. चार पटीवर टिक केली की फोर-केचीही चाचणी होते.

तीच गल्ली, तोच रस्ता. १४४०पीवर सरासरी ७८, कार्डाचा वापर ९२ टक्के. फक्त चार फ्रेम देऊन पावणेदोन पट चित्र. फोर-केवर ४४, कार्ड ९९ टक्क्यांवर, पंख्याचा आवाज बाहेर जिन्यात ऐकू येईल एवढा.

मग व्हॅलोरंट. १०८०पी आणि १४४०पी यांत नाव घेण्यासारखा फरक नाही. दोन्हीकडे सव्वादोनशेच्या वर, आणि पाच-सहा जण एकाच जागी भिडले, धूर पसरला की १८० च्या आसपास उतरतं. हा खाली येणारा आकडा मी वहीत मोठा लिहून घेतला. मॉनिटर निवडताना सरासरीपेक्षा तो जास्त उपयोगाचा, कारण नेम धरायचा असतो तो नेमका त्या धुमश्चक्रीत.

काय घ्यायचं

भाच्याच्या मनात होता २४ इंची, फुल एचडी, २४० हर्ट्झचा. मित्राकडे तसा आहे, आणि मित्राचं रँक वर आहे. रँक मॉनिटरमुळे वर आहे की मित्र रात्री तीनपर्यंत जागतो म्हणून, हा वेगळा विषय.

मी त्याला वहीत भागाकार करून दाखवला. ७५ हर्ट्झवर एक चित्र १३.३ मिलिसेकंद पडद्यावर राहतं. १८० वर ५.६. २४० वर ४.२. पहिल्या उडीत पावणेआठ मिलिसेकंद वाचतात, दुसऱ्या उडीत दीडही नाही. त्यातून तुझं मशीन धुमश्चक्रीत १८० वर येतंय, म्हणजे २४० चे पैसे नेमके गरजेच्या क्षणी वाया. आणि आठवड्यातले दोन दिवस तू गोष्टीचे गेम खेळतोस, बाकी वेळ त्याच पडद्यावर कोड लिहितोस आणि पीडीएफ वाचतोस. १०८०पीचा पडदा घेतलास तर कार्डाचा तो तिसरा हिस्सा कायमचा झोपला.

फोर-के मी सरळ उडवून लावला नाही. डीएलएसएस म्हणजे एनव्हिडियाची लहान चित्र मोठं करून दाखवण्याची सोय; तिच्या परफॉर्मन्स मोडमध्ये फोर-केचं चित्र आतून १०८०पीवर तयार होतं आणि मग मोठं केलं जातं, त्यामुळे ४४ वर अडकून राहायची वेळ येत नाही. पण चांगला १४४ हर्ट्झचा फोर-के घ्यायचा तर त्याचं पंचवीस हजारांचं बजेट पुरणार नव्हतं. शिवाय बारा जीबीच्या कार्डावर येत्या दोन-तीन वर्षांचे जड गेम फोर-केत ओढायचे, हे मला पटत नव्हतं. डीएलएसएसचा खरा फायदा १४४०पीवरही मिळतोच. १०८०पीवर क्वालिटी मोड आतून ७२०पीचं चित्र घेतो आणि पानंफुलं, तारांची कुंपणं विरघळल्यासारखी होतात. १४४०पीवर तोच मोड आतून ९६०पीचं चित्र घेतो, तेव्हा खोट काढायला शोधावी लागते.

चौथा उमेदवार होता ३४ इंची रुंद वळणदार पडदा. त्याचा निकाल टेबलाने लावला. टेबल म्हणजे आजीच्या शिवणयंत्राच्या जागी सुताराकडून बसवून घेतलेली फळी, ५५ सेंटीमीटर खोल, आणि दोन्ही बाजूंना पुस्तकांचे भिंतीत ठोकलेले खण. मेजरिंग टेप लावला तर मध्ये ७० सेंटीमीटरच मोकळे. ३४ इंची मॉनिटर ८० च्या पुढे जातो. विषय संपला.

या खोलीचा माझ्या निवडीवर स्पेसिफिकेशनच्या तक्त्याइतकाच परिणाम झाला. स्टँडचा पाय टेबलाची २०-२२ सेंटीमीटर खोली खातो, त्यामुळे डोळे पडद्यापासून साधारण दोन फुटांवर येतात. एवढ्या जवळून ३२ इंचीवर कोपऱ्यातला नकाशा बघायला मान फिरवावी लागते. २७ इंचीवर नजर पुरते. आणि २७ इंचीवर १४४०पी घेतलं की दर इंचाला १०९ ठिपके येतात, त्याच्या जुन्या २४ इंचीवर ९२ होते. २७ इंचीवर फुल एचडी घेणारे मात्र पस्तावतात, तिथे हा आकडा ८२ वर घसरतो आणि अक्षरांच्या कडा दाणेदार दिसू लागतात. स्वस्त म्हणून दुकानात तोच पुढे केला जातो, हेही सांगून ठेवतो.

ठरलं ते असं: २७ इंची, १४४०पी, १६५ ते १८० हर्ट्झ, आयपीएस (पॅनलचा एक प्रकार), फ्रीसिंक (पडद्याचा वेग फ्रेमशी जुळवणारी सोय) असलेला, स्टँडची उंची वर-खाली होणारा. शेवटची अट भाच्याला फालतू वाटली. पण तो बसतो जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर, आणि जुन्या मॉनिटरखाली थर्मोडायनॅमिक्सची दोन जाड पुस्तकं ठेवलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती.

दुकानात

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बाजारात गेलो. दुकानदाराने आधी एक वळणदार व्हीए, म्हणजे दुसऱ्या प्रकारचा पॅनल दाखवला, तीन हजारांनी स्वस्त. व्हीएचा काळा रंग खरंच काळा असतो, कॉन्ट्रास्ट साधारण ३०००:१, आयपीएसचा १०००:१ च्या आसपास. शेजारी ठेवले तर व्हीए बाजी मारतो. मी पेन ड्राइव्हवर सायबरपंकमधल्या रात्रीच्या रस्त्याची रेकॉर्डिंग नेली होती. ती लावली आणि कॅमेरा वळला, तशी अंधारातल्या खांबांना काळी शेपूट फुटली. स्वस्त व्हीएत गडद रंगातून गडद रंगात जायला ठिपक्यांना वेळ लागतो, त्याची ती शेपूट. सिनेमा बघणाऱ्याला ती दिसणारही नाही. भाच्याला लगेच दिसली, आणि एकदा दिसली की मग दिसतच राहते.

आयपीएसमध्ये १८० हर्ट्झचा एक बजेटात बसला, बावीस हजारांच्या आत. खोक्यावर मोठ्या अक्षरांत "१ मिलिसेकंद" आणि "एचडीआर ४००". मिलिसेकंदाचा आकडा बहुधा ओव्हरड्राइव्ह (ठिपक्यांना घाई करायला लावणारी सेटिंग) सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवून काढलेला असतो. ती पायरी लावली की हलत्या वस्तूंमागे उजळ सावली पळते, म्हणून मधली पायरी ठेवायची. एचडीआरचं, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवण्याच्या सोयीचं म्हणाल तर ४०० च्या दर्जाला लोकल डिमिंगची (अंधाऱ्या भागापुरता मागचा दिवा मंद करण्याची) अटच नाही. घरी चालू करून पाहिलं, तर विंडोज धुऊन फिकट झालेल्या सदऱ्यासारखं दिसू लागलं. बंद केलं ते आजतागायत बंद आहे.

सील फोडून तिथेच लावायला सांगितलं. दुकानदार कुरकुरला, पण लावला. पूर्ण लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा, असे पाच रंग पडदाभर दाखवले. काळ्यावर उजव्या बाजूला, मधोमधच्या जरा वर, एक हिरवा ठिपका चमकला. दुकानदार म्हणाला, "एक-दोन पिक्सेल कंपनीच्या नियमात बसतात, साहेब." बसत असतील. पण पैसे अजून आमच्या खिशात होते, आणि ते तिथेच असताना नियम जरा लवचीक असतात. दुसरं खोकं आलं, त्यात काही नव्हतं. ऑनलाइन मागवला असता तर याच ठिपक्यासाठी फोटो, तिकिटं आणि कुरिअरवाल्याची वाट, असे पंधरा दिवस गेले असते.

घरी आणल्यावर

घरी लावला आणि भाचा ओरडला, "मामा, १८० दिसतच नाहीये!" पर्याय १४४ वर संपत होते. खोक्यात केबल दोन होत्या आणि त्याने सवयीने एचडीएमआयची उचलली होती. या मॉनिटरचं एचडीएमआय पोर्ट २.० दर्जाचं, ते १४४०पीला १४४ वर थांबतं. डिस्प्लेपोर्टची केबल लावली, १८० आले. तो आकडा निवडल्याशिवाय विंडोज इथेही ६० वरच बसलं होतं, हे वेगळं सांगायला नको.

फ्रीसिंक मूळचं एएमडीचं, तरी जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डंही डिस्प्लेपोर्टवरून अशा मॉनिटरशी जुळवून घेतात. मॉनिटरच्या मेनूत फ्रीसिंक चालू, कंट्रोल पॅनलमध्ये जी-सिंक या एनव्हिडियाच्या तशाच सोयीवर टिक, आणि फ्रेमची मर्यादा १७० वर बांधून टाकली, म्हणजे गेम पडद्याच्या पुढे धावत नाही. सायबरपंकला याचा फायदा जास्त झाला. तिथे फ्रेम ७० ते ९० मध्ये हेलकावे खातात. जुन्या पडद्यावर त्या हेलकाव्यात चित्र मधून चिरल्यासारखं दिसायचं. आता पडदाच फ्रेमची वाट बघतो, म्हणून ७८ फ्रेमही अंगावर येत नाहीत. भाच्याने माउस गोल गोल फिरवला, थांबला, परत फिरवला आणि काहीच बोलला नाही. मला तेवढं पुरलं.

हेच मशीन आरटीएक्स ४०६० चं असतं तर मी इतक्या ठामपणे १४४०पी सांगितलं नसतं. त्याच्या आठ जीबीत काही नवे गेम १४४०पीवर टेक्स्चर (पृष्ठभागांचा बारकावा) कमी करायला लावतात, तिथे २४ इंची फुल एचडी १८० हर्ट्झचा घेऊन उरलेल्या पैशांत प्रोसेसर बदलणं बरं. आणि कोणी फक्त एल्डन रिंग खेळत असेल तर त्याने हर्ट्झच्या मागे लागूच नये. तो गेम पीसीवर साठाच्या वर जातच नाही.

महिनाभराने भाच्याचा फोन आला. आता त्याला प्रोसेसर खुपतोय. ५७००एक्स३डी हा प्रोसेसर त्याच्या बी४५० वर बायोस अपडेट करून बसतो, आणि सायबरपंकमध्ये फ्रेम वाढतील हेही खरं. या वेळी दुकानात गिऱ्हाईक होतं तरी मी त्याला थांबवून आधी विचारलं, कोणता गेम, कोणत्या ठिकाणी, कार्डाचा वापर किती टक्के? त्याने आकडे पाठवतो म्हणून सांगितलं, ते अजून आलेले नाहीत.

जुना २४ इंची दाजींच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला, टॅलीसाठी. लावला दाजींनीच. त्याचा रिफ्रेश रेट मी काही उघडून बघितलेला नाही.